तू ज्यांच्यावर ओरडायचीस

आई, आधीच सांगून टाकते, मी तुझ्यावर चिडलेले आहे. जाऊन बारा वर्षं झालेल्या माणसावर चिडण्यात काही अर्थ नाही हे मलाही कळतं, पण कळलं म्हणून राग जातो असं थोडंच आहे. माझं बाळंतपण झालं. मुलगी आहे. आज तिला सहावा आठवडा लागला. दुपारचे तीन वाजलेत, ती झोपली आहे, सासूबाई हॉलमध्ये मेथी निवडत बसल्या आहेत आणि समोरच्या अर्धवट टॉवरचं ड्रिल आज काय माहीत कसं, पण बंद आहे. आम्ही आता बदलापूरला राहतो, शिरगावात. तू पाहिलंस तेव्हा इथे नुसती भातशेती होती, आता आमच्या खिडकीतून लोकांच्या खिडक्या दिसतात. मला तासभर मिळेल. रोज रात्री ठरवते की तुला सांगायचं, आणि रोज सकाळी वाटतं, कशाला.

तारीख उलटून गेली तिथून सुरुवात करते. तारीख उलटली की बाईचं नाव जातं, ती फक्त 'अजून नाही?' होते. सकाळी सासूबाईंच्या बहिणीचा फोन, अजून नाही? लिफ्टमध्ये खालच्या मजल्यावरची बाई, अजून नाही? अंबरनाथच्या आमच्या ऑफिसातून पॅकिंग सेक्शनच्या मुली व्हिडिओ कॉल करून माझ्या पोटालाच विचारायच्या. प्रत्येकीकडे उपाय होता. अननस खा. एरंडेल घे, दुधातून. जिने चढ-उतर कर. मी सात मजले चढले, दोनदा, आणि पाय सुजवून घरी येऊन बसले. सासूबाई वाईट नाहीत गं, पण त्यांना गप्प बसवत नाही. "आमच्या वेळी असं तारखेबिरखेचं नव्हतं. पोर पिकलं की आपोआप यायचं," त्या म्हणायच्या, आणि मला वाटायचं की मी आंब्याची अढी आहे. नवरा बिचारा मोबाईलवर वाचत बसायचा आणि वाचलेलं मला सांगायचा, ते तर आणखी वाईट. बाबांचा गावाहून फोन यायचा. ते एवढंच विचारायचे, जेवलीस का.

डॉक्टर माझ्याच वयाची आहे, हुशार, पण तिच्या टेबलावर घंटी आहे आणि तिचा हात कायम त्या घंटीवर असतो. सोनोग्राफीचा कागद बघून ती म्हणाली, "पाणी थोडं कमी होतंय. आता थांबण्यात फायदा नाही. सोमवारी सकाळी ॲडमिट व्हा, कळा आणू." मी विचारलं, "कशा आणणार?" ती म्हणाली, "आतून गोळी ठेवू. नाही आल्या तर सलाईनमधून औषध." "किती वेळ लागेल?" "ते कुणीच सांगू शकत नाही. पहिलं बाळंतपण आहे ना." "आणि खूप दुखतं का? आपणहून येतात त्यापेक्षा जास्त?" तिनं घंटी वाजवली. दार उघडून पुढची बाई आतसुद्धा आली. "घाबरू नका हो," डॉक्टर म्हणाली, "सगळ्यांचं होतं."

सगळ्यांचं होतं. रिक्षात बसल्यावर मला रडू नाही आलं, संताप आला. अठरा वर्षं लेबर रूममध्ये काढलेल्या बाईची मी मुलगी. तू उल्हासनगरच्या त्या मॅटर्निटी होममध्ये किती बायका बाळंत होताना पाहिल्या असतील, तूच मोजल्या नसशील. आणि त्या बाईच्या एकुलत्या एका मुलीला एकतिसाव्या वर्षी हे ठाऊक नव्हतं की कळा आणतात म्हणजे काय करतात.

खरं म्हणजे थोडं ठाऊक होतं. तेच तर सांगायचं आहे. शाळा सुटली की मी तिथेच यायचे, आठवतं? चौथीत होते. लेबर रूमच्या मागे एक चिंचोळी खोली होती, तिथे एका शेगडीवर कात्र्या-चिमटे उकळायचे आणि दुसरीवर चहा. मी पालथ्या डब्यावर बसून अभ्यास करायचे. डेटॉलचा आणि आल्याचा एकत्र वास मला अजूनही कुठे आला तर पाढे आठवतात. भिंत पातळ होती. पलीकडून बायका ओरडायच्या, मराठी, हिंदी, सिंधी, आणि शेवटी शेवटी कुठल्याच भाषेत नाही. त्या सगळ्यांवर तुझा आवाज. घरी तू कधी आवाज चढवला नाहीस. चाळीत नळावर भांडणं व्हायची तेव्हा तू हंडा उचलून निघून यायचीस. पण भिंतीपलीकडची तू वेगळीच होतीस. "तोंड मिट! पाय बाजूला घे! नाटकं नकोत!" आणि एक वाक्य, ते तू इतक्या वेळा म्हणायचीस की मला पाठ झालं होतं. "नवऱ्याजवळ जाताना नाही ओरडलीस, आता कशाला ओरडतेस?"

मला अर्थ कळत नव्हता. मी एका संध्याकाळी तुला विचारला. विठ्ठलवाडीच्या आपल्या खोलीत तू भाकरी थापत होतीस. मी म्हणाले, "आई, नवऱ्याजवळ जाताना बायकांनी ओरडायचं असतं का?" तुझा हात थांबला. "कुठं ऐकलंस?" "तूच म्हणतेस ना. आजपण म्हणालीस." तू उठलीस आणि माझ्या थोबाडीत मारलीस. पिठाच्या हातानं. तव्यावरची भाकरी करपली, तू ती मला वाढली नाहीस, स्वतः खाल्लीस. मग म्हणालीस, "उद्यापासून तिथं यायचं नाही. शेजारच्या काकूंकडं बसायचं." एवढंच. तो विषय तिथे संपला तो कायमचा. मला पाळी आली तेव्हा तू कापड दाखवलंस आणि म्हणालीस, डाग पडू देऊ नको. मी एकोणीस वर्षांची असताना तुला ताप आला, आणि आठ दिवसांत तू गेलीस.

मी तुला नुसती वाईट ठरवत नाहीये. मला ती सिंधी सूनही आठवते, उल्हासनगरच्याच कॅम्प चारमधली, जी तीन महिन्यांचं बाळ घेऊन मुद्दाम तुला भेटायला आली होती. मिठाईचा डबा, वर साडी. "बाई ने डाँटा तभी हुआ," ती हसत हसत सगळ्यांना सांगत होती, "नहीं तो मैं तो हार गई थी." आणि तू पदरानं तोंड पुसत लाजत होतीस. मला तो दिवस आठवला की आणखीच वैताग येतो. तिला खरंच बरं वाटत होतं का गं? की बाळ झाल्यावर सगळंच माफ करायचं असतं? आणि तो दुसरा दिवस, एका बाईचं मूल मेलेलं जन्मलं तो. तू दुपारीच घरी आलीस, उंबऱ्यात बसलीस, आणि हात धुवायलाही उठली नाहीस. मी पाणी आणून दिलं. तू म्हणालीस, "मी तिला फार बोलले सकाळी." मी नऊ वर्षांची होते. तू परत कधी त्यावर बोलली नाहीस.

तर सोमवार. सकाळी सातला आम्ही बॅग घेऊन हॉस्पिटलात. काउंटरवरच्या मुलीनं फॉर्म नवऱ्यापुढे सरकवला. "सर, इथे सही." मी म्हणाले, "कसली सही?" "कळा आणण्यासाठी परवानगी, मॅडम. हजबंडची लागते." "पेशंट मी आहे." ती गोंधळली. "हो, पण सगळे हजबंडच करतात." मी फॉर्म ओढून घेतला, चार पानं होती, उभ्या उभ्या सगळी वाचली. मागे रांग लागली. नवरा हळूच म्हणाला, "अगं, वाचून काय बदलणार आहे?" काहीच बदलणार नव्हतं. पण मला वाचायचं होतं. मी सही केली, त्यानंही केली. मला वर नेलं. गाऊन, एनिमा, हाताला सुई, पोटाला पट्टे, आणि मशिनमधून बाळाचे ठोके, लांबून घोडा धावत यावा तसे. आठ वाजता गोळी ठेवली. आता मोठं काहीतरी सुरू होणार म्हणून मी पलंगाची कड धरून बसले.

काहीच झालं नाही. दहा वाजले, बारा वाजले. "फिरा जरा," सिस्टर म्हणाली. मी कॉरिडॉरमध्ये फिरले. सव्वीस पावलं तिकडे, सव्वीस इकडे. एका टोकाला गणपतीचा फोटो, दुसऱ्या टोकाला तान्ह्या गोऱ्या बाळांचं पोस्टर. दोनला दुसरी गोळी. सासूबाईंनी मऊ खिचडी पाठवली, सोबत निरोप, "काही होतंय का?" मी नवऱ्याला म्हटलं, "त्यांना सांग, झालं की पेपरात छापून येईल." तो हसला नाही. तोही थकला होता. संध्याकाळपर्यंत कंबर भरून आली, पाळीच्या वेळी दुखतं तसं ओटीपोट दुखायला लागलं, आणि दर चार तासांनी कुणीतरी येऊन आतून तपासायचं, प्रत्येक वेळी वेगळाच हात. त्यातल्या कुणीही आधी "तपासू का" असं विचारलं नाही. "पाय घ्या" एवढंच. आणि मग त्या एकमेकींशीच बोलायच्या, माझ्या गुडघ्यांवरून. "अजून एक बोट." "एकच?" जसं काही मी अभ्यास केला नव्हता.

मंगळवारी सकाळी दोन बोटं झालं. डॉक्टर आली, लांब हुकासारखं काहीतरी घेऊन तिनं पाण्याची पिशवी फोडली, मांड्यांवरून गरम पाणी वाहिलं, आणि मला लेबर रूममध्ये हलवून सलाईनमधून औषध सुरू केलं. आई, गोळीच्या कळा म्हणजे काहीच नव्हतं. ड्रिपच्या कळा चढत नाहीत, थेट माथ्यावरच उभ्या असतात. दोन कळांच्या मधे श्वास घ्यायला जी फट असते म्हणतात, ती मला सापडेना. मी मोठ्यानं ओरडले नाही, दात आवळून कण्हत होते, आणि त्या कण्हण्याचीसुद्धा मला लाज वाटत होती. ती लाज कुठून आली होती ते तुला सांगायला नको.

शेजारच्या टेबलावर, मधे हिरवा पडदा, एक मुलगी होती. विशीतली, उल्हासनगरची, नवरा जीन्सच्या कारखान्यात शिलाईला. तिच्या कळा आपोआप आल्या होत्या आणि ती जीव तोडून ओरडत होती. "अम्मी! मर जाऊँगी!" तिच्याजवळ आयाबाई उभी. पन्नाशीची, काटक, केसांत पिना, साडीवर निळा एप्रन. दोनदा तिनं मुलीला गप्प केलं. तिसऱ्यांदा तिचा आवाज चढला. "ए! मरद के पास जाते टाइम तो नहीं चिल्लाई थी, अब काय को चिल्लाती है?"

वाक्य हिंदीत होतं, बाकी सगळं तेच. तीच पट्टी, तोच शेवटचा झटका. बावीस वर्षांनी मला पुन्हा थोबाडीत बसल्यासारखं झालं.

"मावशी, बास करा," मी म्हणाले. "असं नाही बोलायचं."

तिनं पडदा बाजूला केला. "तुला बोलले का मी?"

"तिला बोललात. कुणालाच नाही बोलायचं. दुखतंय तिला."

"दुखणारच. तीस वर्षं बघतेय मी. दोन शब्द टाकले नाहीत तर ह्या पोरी घाबरून आखडतात. पोर आत गुदमरलं की मग सगळे मलाच विचारणार, तू काय करत होतीस."

"माझी आईपण हेच काम करायची. अठरा वर्षं."

"मग आईनं शिकवलं नाही तुला, लेबर रूममध्ये कसं वागायचं ते?"

"तिनं मला काहीच नाही शिकवलं!"

हे मी इतक्या मोठ्यानं ओरडले की बाहेरून सिस्टर धावत आली. "काय झालं, काय झालं?" आयाबाई म्हणाली, "ह्या मॅडम मला कायदा शिकवतायत." सिस्टरनं तिच्या खांद्यावर हात ठेवला, माझ्या नाही, आणि म्हणाली, "जाऊ दे मावशी, पेशंट आहे." तेवढ्यात मला कळ आली. ती ओसरल्यावर बघते तर आयाबाई माझ्याच टेबलाशी उभी होती. माझ्याखालची चादर ओली झाली होती. तिनं माझ्याकडे न बघता एक हात कमरेखाली सरकवला, ओली काढली, कोरडी घातली, मला धक्का म्हणून लागला नाही. मग बोळा करून निघून गेली. मला त्या सफाईचाही राग आला. एवढं चांगलं काम येतं, तर मग तोंडच का असं?

ती मुलगी साडेबाराला सुटली, मुलगा झाला. मी तिथेच. दोन वाजले, तीन वाजले, चार सेंटीमीटर, चारच सेंटीमीटर. मशिनमधला घोडा मधेच अडखळायला लागला. डॉक्टर आली, कागदाची पट्टी बघितली, आणि आता मात्र तिच्या हाताखाली घंटी नव्हती. ती माझ्या डोक्याशी वाकून म्हणाली, "पुढे सरकत नाहीये, आणि बाळ थकतंय. सिझर करू या." मी म्हणाले, "मग काल का नाही केलंत?" ती म्हणाली, "काल गरज नव्हती." हे खरं असेल. पण तीस तास ज्या बाईनं काढले तिला हे उत्तर पुरत नाही. पाठीत इंजेक्शन, कमरेखाली सगळं गायब, दात कडाकडा वाजतायत थंडीनं, छातीपाशी हिरवं कापड. पोटात कुणीतरी बॅग उपसावी तसं उपसत होतं. आणि मग ती रडली. मला दाखवली. मोठं काही वाटेल असं मी ऐकलं होतं. मला वाटलं, बरं झालं, संपलं.

बाहेर सासूबाई म्हणाल्या, "एवढं सगळं करून शेवटी कापलंच." नवरा त्यांना म्हणाला, "आई, पुरे आता." लग्नाला चार वर्षं झाली, तो त्यांना असं बोललेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

तिसऱ्या दिवशी अंबरनाथहून थोरली मावशी आली, तुझी बहीण, अळिवाची खीर घेऊन. आता तिला गुडघ्यांमुळे चालवत नाही, तरी आली. बाळाला मांडीवर घेऊन ती सहज बोलावं तसं बोलली, "तुझ्या आईलाही अशीच सुई लावलेली कळांची. तुझ्या वेळेला. दोन दिवस." मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. तू मला एवढंच सांगितलं होतंस, "तू सकाळी झालीस आणि दुपारी मी पेज प्याले." "कुठे?" मी विचारलं. "कुठे म्हणजे, तिथेच, उल्हासनगरला. मी बाहेर बाकड्यावर होते. आतून आवाज म्हणून नाही. पदराचा बोळा तोंडात कोंबून पडली होती. तिथली आया बाहेर येऊन मला म्हणाली, अशी बाई मी बघितली नाही. तिनंच मग पुढं तुझ्या आईला कामाला लावलं." मावशी हे कौतुकानं सांगत होती. मी विचारलं, "मावशी, पण मला हे का नाही सांगितलं कुणी?" ती म्हणाली, "तिनं मलापण कुठं सांगितलं? घरी आल्यावर मी म्हटलं, फार त्रास झाला का गं? तर म्हणाली, त्यात काय."

त्यात काय. मावशी गेल्यावर मला तुझी कीव यायला हवी होती. थोडी आली, पण त्याच्या दुप्पट राग आला. म्हणजे तुला माहीत होतं! नुसतं बघून नाही, अंगावर काढून माहीत होतं. तुला शाबासकी मिळाली ती गप्प बसल्याची, आणि मग तू अठरा वर्षं बायकांना गप्प करत राहिलीस. आणि माझ्या बाबतीत तू स्वतःच गप्प राहिलीस. एकदा तरी म्हणायचं होतंस, फार दुखतं, पण होतं. एवढं एक वाक्य मला पुरलं असतं. मी ते तीस तास चघळलं असतं.

पाचव्या दिवशी डिस्चार्ज. बिलं, गोळ्या, बाळाचं लसीकरणाचं कार्ड, आणि एक छापील फॉर्म, आमची सेवा कशी वाटली. हसऱ्या आणि रडक्या चेहऱ्यांवर खूण करायची. खाली दोन ओळी मोकळ्या. मी त्या दोन ओळींत आयाबाईचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं. कोणत्या दिवशी, कोणत्या वेळेला, तेही. सिस्टरनं ते वाचलं. ती चांगली मुलगी होती, रात्रभर बाळाला पाजायला तिनंच शिकवलं होतं. ती हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, ती कॉन्ट्रॅक्टवर आहे. हे वर गेलं की तिला उद्याच काढतील. मुलीचं लग्न ठरलंय तिच्या. तोंडानं फटकळ आहे, पण मनानं चांगली आहे." नवऱ्यानं बॅग उचलली होती. "जाऊ दे ना," तो म्हणाला, "आपलं झालं सगळं नीट."

मी तो फॉर्म हातात धरून बसले. तुझ्या वेळी असे फॉर्म असते आणि एखादीनं ते वाक्य लिहिलं असतं, तर आपल्या खोलीत चूल कशी पेटली असती? माझी शाळा, बारावीचा क्लास, सगळं त्याच नोकरीवर झालं. मी त्या वाक्यावरच वाढले म्हण ना. पण मग पडद्यापलीकडची ती मुलगी आठवली. तिच्या हातात कुणी फॉर्म दिलाच नसणार, आणि दिला असता तरी तिनं हसऱ्या चेहऱ्यावर खूण केली असती. मी उठले. टाके ओढत होते. सव्वीस पावलं चालत गेले आणि काउंटरवरच्या पेटीत फॉर्म टाकला. निघताना सिस्टरनं बाळाच्या टोपीची नाडी पुन्हा बांधून दिली.

टाके दाखवायला गेले तेव्हा आयाबाई दिसली नाही. ट्रॉली वेगळीच बाई ढकलत होती, तरुण, नवी असावी, चाकं भिंतीला आपटत होती. दुसरीची पाळीही असेल. सुट्टीवर असेल, लग्न होतं ना घरात. ती सिस्टर समोरच होती, मी विचारू शकले असते. नवरा खाली रिक्षा थांबवून उभा होता, बाळ रडत होतं, अशी कारणं असतातच. मी विचारलं नाही.

मी चूक केली असं मला वाटत नाही. वाक्य वाईटच आहे, तू म्हटलंस तरी आणि तिनं म्हटलं तरी. नवऱ्याला मी हेच सांगितलं, ऑफिसातल्या मुलींना फोनवर सांगितलं, त्या म्हणाल्या, बरोबर केलंस, कुणीतरी बोलायलाच हवं होतं. पण एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. तुला हे पोचणार नाही, पोस्टात टाकायला पत्ता नाही, म्हणूनच लिहिते.

आयाबाई चादरीचा बोळा घेऊन गेली, त्यानंतरचं. ती मुलगी ओरडतच होती. मला वाटलं होतं आता निदान तिला मोकळेपणानं ओरडता येईल. पण माझ्या कळा एकावर एक येत होत्या, आणि तिच्या प्रत्येक किंकाळीबरोबर माझ्या डोक्यात खिळा ठोकल्यासारखं होत होतं. अर्धा तास मी सहन केलं. मग मी पडद्याकडे तोंड करून ओरडले, "चुप हो जा ना! तेरे अकेली को ही हो रहा है क्या?"

ती गप्प झाली. एकदम. नंतर मूल होईपर्यंत तिचा आवाज आला नाही, पडद्याखालून फक्त तिच्या पायांची बोटं दिसायची, टेबलाच्या दांड्याला घट्ट आवळलेली. मूल झाल्यावर सिस्टर तिला म्हणाली, "शाब्बास, कितनी समझदार बच्ची है." मी ते ऐकलं.

आणि आई, ती गप्प झाली तेव्हा मला बरं वाटलं.